धूर कुठं हाय? मिस्त्रीकाकांना आभाराचं पत्र

मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला आलो तेव्हा "जाय बे, आभार कायचे" म्हणून तुम्ही हातातला पाना दाखवून हाकललंत. म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहितोय. नाव टाकत नाही, कारण तुमची ताकीद आहे : "नाव टाकशीन तं पोट्टे आपापल्या आरएक्स घेऊन रांग लावतीन." वरूड तालुक्यात ज्यांना ओळखायचं ते कडुनिंबाखालची ती टिनाची शेड ऐकूनच ओळखतील, त्याला माझा इलाज नाही.

गाडी आली तो मे महिना होता. बाहेर ४४ अंश, संत्र्याच्या बागांना टँकरनं पाणी चाललेलं, आणि माझ्या अंगणात छोट्या हत्तीवरून एक मोठं खोकं उतरलं. आत २५० सीसीची टू-स्ट्रोक, रानात चालवायची गाडी. नंबर प्लेट नाही, रस्त्यावर चालवायची सोय नाही, फक्त शेतात आणि खडकाळ बरडावर. किती वर्षं पैसे साठवले, कस्टमचे कागद कसे झाले, ती कथा वेगळी. घरी सांगितलेली किंमत आणि खरी किंमत यांच्यामध्ये एक बैलजोडी बसते, एवढंच तुम्हाला माहीत आहे आणि ते तुम्ही पोटात ठेवलंत, त्याचे आभार आधी.

शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपला फोन केला होता. टू-स्ट्रोक म्हटल्यावर समोरचा पोरगा हसला आणि "सर, आमच्याकडे ते होत नाही" म्हणाला. मग तुमच्याकडे आलो. तुम्ही गाडीभोवती दोन चकरा मारल्या, उकिडवे बसलात, सायलेन्सरच्या फुगलेल्या पोटावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "हे तं आपली राजदूतच हाय. जिमले गेलेली." त्यानंतर इंजिनाकडे बोट दाखवून "हे मले येते", आणि मागच्या शॉकअपकडे बोट दाखवून "हे मले नाही येत. तू पुस्तक वाच, म्या पाना धरतो."

चाळीस वर्षं लुना, राजदूत, येझदी, आरएक्स अशा जुन्या टू-स्ट्रोक गाड्या उघडलेला माणूस गिऱ्हाइकासमोर असं बोलतो, हे मी तरी पहिल्यांदा पाहिलं.

गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं की गाडी नवी असली तरी हँडलची बेअरिंग आणि मागच्या लिंकेजची, म्हणजे शॉकअपला जोडणाऱ्या सांध्यांची, ग्रीस एकदा तपासा. मला वाटलं, नव्या गाडीला काय होतंय. तुम्ही बोल्ट काढलात, सुईसारख्या बारीक रोलरांवर बोट फिरवलंत आणि बोट मला दाखवलंत. कोरडं. "लेका, पोयीले याच्याहून जास्त तूप लावते आपली माय." अख्खी सकाळ ग्रीस भरण्यात गेली. चाकाचे आरे तुम्ही पान्याने एकेक वाजवून पाहिलेत, जो बद्द वाजला तो थोडा कसलात. टायरमध्ये हवा १३ पीएसआयच्या आसपास हवी होती, आणि चौकातल्या टायरवाल्याचा काटा २०च्या खाली हालतच नाही, तेव्हा सायकलचा पायपंप आणि माझं ऑनलाइन मागवलेलं छोटं घड्याळ कामी आलं. एवढ्या कमी हवेत टायर रिमवर फिरून ट्यूबचा वॉल्व तुटू नये म्हणून आत तो रबराचा अडकवा असतो, त्याचा नट कसायचं मी विसरलो होतो. तुम्ही विसरला नव्हतात. नवीन वस्तू दिसली की तिचं काम विचारल्याशिवाय तुम्ही पुढे जातच नव्हतात.

मग शॉकअप. स्वार बसल्यावर गाडी मागे किती दबते ते मोजायचं होतं. मागचा एक्सल ते वर मडगार्डवर मारलेली खूण, एवढंच माप, पण तीनदा : चाक अधांतरी असताना, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना आणि मी वर बसलेला असताना. तेही हेल्मेट, बूट, गुडघ्याची कवचं घालून. ४४ अंशात, टिनाखाली. तुमची पोलादी टेप ऐनवेळी सापडेना, तेव्हा काकूंनी शिलाई मशीनवरची पिवळी टेप आणून दिली आणि दारात उभं राहून माझ्याकडे पाहत विचारलं, "हा कोणता सण हाय?"

पुस्तकाप्रमाणे गाडी नुसती उभी असताना साधारण ३५ मिलिमीटर आणि माझ्यासकट १०५च्या आसपास दबायला हवी होती. माझ्यासकट १२८ भरली. तुम्ही स्प्रिंगवरची रिंग आवळत आणलीत, १०५ झाले, मी खूश. नुसती गाडी मोजली तर २४. पुस्तक म्हणतं, असं झालं तर तुमच्या वजनाला स्प्रिंग मऊ आहे, बदला. मला ते उलटं वाटत होतं. नुसती गाडी कमी दबतेय म्हणजे स्प्रिंग कडकच ना? तुम्ही बिडी विझवलीत, थोडा वेळ रिंगकडे पाहत राहिलात आणि म्हणालात, "गादीची दोरी आवळली तं गादी टणक लागते. कापूस वाढते काय?" ज्या गोष्टीबद्दल तासाभरापूर्वी "नाही येत" म्हणाला होतात, ती मला तुम्ही समजावलीत. ८८ किलोच्या माणसाला लागणारी स्प्रिंग मागवली आहे. डाएट कर असं तुम्ही म्हणाला नाहीत, काकू म्हणाल्या.

आता त्या अर्ध्या मिनिटाबद्दल. खरं पत्र त्याच्यासाठीच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या इंजिनाला आतून वंगण द्यायला वेगळं ऑइल नसतं. पेट्रोलमध्येच टू-टी तेल मिसळायचं, तेच पिस्टनला, क्रँकच्या बेअरिंगला मिळतं. माझ्या गाडीला एका लिटरला २५ मिली, म्हणजे चाळीसास एक. मी आदल्या रात्री मोजून पाच लिटरमध्ये १२५ मिली मिसळून कॅन भरून ठेवली होती. तशीच दुसरी पांढरी कॅन शेजारी होती, बाबांच्या स्कूटीसाठी आणलेल्या साध्या पेट्रोलची. सकाळी घाईत मी कोणती उचलली ते आता सगळ्यांना कळलंच असेल.

टाकी भरली, चोक ओढला, चौथ्या किकला गाडी उठली. मी मोबाईलवर व्हिडिओ काढत होतो. आणि तुम्ही झडप घालून बटण दाबलंत. गाडी बंद. मला राग आला होता काका, आज कबूल करतो. तुम्ही एवढंच विचारलंत, "धूर कुठं हाय?"

थंड टू-स्ट्रोक सुरू होते तेव्हा निळसर धूर निघतो आणि जळक्या तेलाचा वास येतो. तो नव्हता. गाडी धूर सोडतेय म्हणून घाबरणारी माणसं मी पाहिली आहेत, धूर नाही म्हणून घाबरलेला एकच माणूस पाहिला. मी म्हटलं, मी स्वतः मिसळलंय. तुम्ही वाद घातला नाहीत. कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सैल करून बाटलीच्या झाकणात चमचाभर पेट्रोल घेतलंत आणि जुन्या कालनिर्णयच्या पानावर दोन थेंब टाकलेत. डाग पसरला, कडेकडेने सुकत आला आणि नाहीसा झाला. मग घरून दुसरी कॅन आणायला लावलीत, तिचे दोन थेंब शेजारी टाकलेत. तोही डाग सुकला, पण मध्ये रुपयाएवढं तेलकट गोल राहिलं, कागद तिथे पारदर्शक झाला होता. त्यातून मागच्या पानावरची एकादशी वाचता येत होती. ते पान मी फाडून आणलंय, माझ्या टेबलासमोर लावलंय.

नंतर टाकी उपसली, प्लग काढून सिलिंडरमध्ये तेलाचे थेंब सोडले, हाताने किक हळूहळू फिरवली. काही बिघडलं नव्हतं. अर्ध्या मिनिटाऐवजी पाच मिनिटं चालली असती आणि मी मूठ पिळली असती, तर पिस्टन सिलिंडरला चिकटला असता. चहा पिताना तुम्ही सांगितलंत की १९ वर्षांचे असताना तुम्ही एका गुरुजींच्या लुनात असंच सुकं पेट्रोल भरलं होतं. मोर्शीच्या वाटेवर लुना जाम झाली, आणि उस्तादांनी तुमचा दोन महिन्यांचा पगार कापला. "त्या दिवसापासून म्या पयले धूर पायतो, मग गाडी." हे तुम्ही हसत सांगितलंत. मी काही हसू शकलो नाही.

त्या दिवशी नवं इंजिन नीट बसावं म्हणून गाडी तीनदा गरम करून तीनदा पूर्ण थंड होऊ दिलीत. मे महिन्यात थंड व्हायला किती वेळ लागतो, विचारू नका. मला बसू दिलं नाही ते नाहीच.

दुसऱ्या दिवशी कार्बोरेटर. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. उलट एवढ्या उन्हात हवाच विरळ, म्हणून ते घट्ट व्हायला पाहतं. कोण जिंकतंय हे पुस्तक सांगत नव्हतं. तुम्ही मला माझ्या काकाच्या बरडावर एक लांब रपेट मारायला लावलीत, मूठ अर्धी धरून, आणि तिथेच बटण दाबून, क्लच ओढून गाडी थांबवायला सांगितलीत. प्लग काढला तर पांढरट. म्हणजे कंपनीच्या मापावर ती पेट्रोलला उपाशी होती. कार्बोरेटरमधल्या सुईची क्लिप एक घर खाली घेतलीत, म्हणजे सुई वर आली आणि पेट्रोल वाढलं. पुढच्या रपेटीनंतर प्लग आपल्या चौकातल्या चहाच्या रंगाचा. मी म्हटलं, तेल थोडं जास्तच टाकू, सेफ राहील. तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मी आजवर कुठे नीट ऐकलं नव्हतं : तेल जास्त टाकलं की तेवढंच पेट्रोल कमी जातं, गाडी आणखी उपाशी मरते.

चालवण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात माझी फारशी शोभा नाही. अर्ध्या मुठीपर्यंत ती शेळीसारखी चालते, आणि मग त्या फुगीर पाइपातून परत आलेली लाट ताजं पेट्रोल सिलिंडरमध्ये ढकलते तेव्हा अंगात देवी आल्यासारखी सुटते. मी हात सोडला नाही, पळसाच्या झाडाने मला सोडलं नाही. तुम्ही धुऱ्यावरून उठून आलात, आधी क्लचची दांडी पाहिलीत, मग मला. दांडी मोडली नव्हती, नुसती फिरली होती, कारण तिचा क्लँप मी मुद्दाम अर्धवट कसला होता. त्या वेळी तुम्ही म्हणाला होतात, "ढिला नट म्हणजे कामचोर मिस्त्री." त्या संध्याकाळी तुम्ही तिला सरळ केलीत आणि नट तेवढाच ढिला ठेवलात. मी काही बोललो नाही, पण पाहिलं.

नाल्याच्या लांब उतारावर मूठ पूर्ण बंद ठेवायची नाही, मधून मधून थोडी द्यायची, नाहीतर पेट्रोलबरोबर तेलही थांबतं, हेही तुमचंच. राजदूतवर घाट उतरताना शिकलेलं.

मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर बरड सोडून काळ्या मातीत जाऊ नको असं तुम्ही सांगितलं होतं. गेलो. चाळीस पावलांत मागचं चाक मातीने एवढं भरलं की फिरेचना. शेवटी काकाची बैलजोडी लावून ओढून काढली. आई-बाबा बांधावर उभे होते. बाबांनी आधी बैलांकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि खरी किंमत विचारली. सांगितली. त्याबद्दल समोरासमोर बोलू.

तीन दिवसांचे तुम्ही ५०० रुपये घेतलेत, वर "मलेही शिकाले भेटलं" म्हणालात. तो हिशोब मला मान्य नाही, पण तुमच्याशी भांडायला गाडी बिघडावी लागते आणि ती बिघडत नाहीये.

काकूंची पिवळी टेप अजून माझ्याकडेच आहे. ६० सेंटिमीटरच्या खुणेवर तुमच्या अंगठ्याचं ग्रीस बसलंय, धुऊनही जात नाही. त्यांच्यासाठी नवी घेऊन ठेवली आहे. स्प्रिंग आली की दोन्ही घेऊन शेडवर येतो. जुनी मात्र परत मागू नका, तिन्ही मापं तिच्या पाठीवरच पेनाने लिहिलेली आहेत.

तुमचा,
कडुनिंबाखाली हेल्मेट घालून बसलेला