दोस्ता, जानेवारीत सायकल घेऊन ये

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू विचारलंस, आजारी मुलांच्या घरच्यांसाठी पैसे जमवायला सायकल राइडचा एवढा खटाटोप कशाला, सरळ ग्रुपवर क्यूआर टाका, लोक पाठवतील पैसे, मी पण पाठवतो. तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं त्यामुळे नीट बोलता आलं नाही, आणि हे फोनवर घाईत सांगण्यासारखं नाहीच, म्हणून लिहायला बसलोय. मोठं होणार हां पत्र, चहा घेऊन बस.

आमच्या खालच्या वाडीतला तो पोरगा तुला आठवत असेल, गणपतीत आरतीला झांज घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा असायचा. नाव लिहीत नाही, तुला कळलं असेलच. त्याला ताप यायचा, जायचा, परत यायचा, मग पायावर निळे डाग दिसायला लागले, पोर पांढरं पडलं, इथल्या डॉक्टरनी रक्त तपासलं आणि त्याच दिवशी मुंबईला घेऊन जा म्हणाले. रक्ताचा कॅन्सर, लहान मुलांत जो सगळ्यात जास्त होतो तो, एएलएल. आता हा बरा होणारा आजार आहे, आणि हे मी मनाचं समाधान म्हणून लिहीत नाहीये. जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात आणि गरीब देशांत कितीतरी ठिकाणी 30 टक्केसुद्धा नाही. रोग तोच, औषधंही बरीचशी तीच. मग एवढा फरक का, तर निदान उशिरा होतं, औषध वेळेवर मिळत नाही आणि उपचार अर्धवट सुटतात. हे अर्धवट सुटणं मी शेजारच्या घरात होता होता बघितलंय, म्हणून एवढं पोटतिडकीनं लिहितोय.

एएलएलचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. पहिले काही महिने कडक केमो, त्या काळात मुंबई सोडून लांब राहताच येत नाही, आणि नंतर बराच मोठा काळ घरी राहून रोजच्या गोळ्या आणि ठरलेल्या दिवशी रक्त तपासणी. उपचाराचा बराचसा खर्च त्यांचा सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतून आणि हॉस्पिटलच्या मदतनिधीतून निघाला, त्याबद्दल कोणाची काही तक्रार नाही. पण बिलात न येणारा खर्च बघ. बाप खलाशी, बोटीवर गेला तर हिस्सा, नाही गेला तर काही नाही. त्यात जून-जुलैची मासेमारी बंदी, तेव्हा अशीही कमाई शून्य, आणि मालकाकडून आधीच उचल घेतलेली. आई पोराला घेऊन मुंबईत. मोठी बहीण दहावीला, ती आजीकडे, आणि आजीला डोळ्यांनी धड दिसत नाही म्हणून चुलीपासून सगळं त्या पोरीवर. सुरुवातीला नालासोपाऱ्याला मामाकडे राहिले, एका खोलीत सात माणसं, आणि तिथून लोकलनं परळला हॉस्पिटलात यायचं. केमोनं पोराच्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या, कोणाच्या साध्या सर्दीनंही जीवावर बेतावं अशी अवस्था, आणि सकाळची विरार लोकल. तूच विचार कर.

परळ-दादर भागात सोय आहे थोडीफार. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, सेंट ज्यूड्सची केंद्रं 2006 पासून कॅन्सर झालेल्या मुलांना आणि आईबापांना फुकट ठेवून घेतात, स्वतःची खोली, स्वतःची चूल, कारण या मुलांना ताजं शिजवलेलं आणि उकळलेलं पाणीच लागतं. पण देशभरातून माणसं येतात, नंबर लागेपर्यंत कुठंतरी राहावं लागतंच. यांचा नंबर लागेपर्यंत बापानं भाड्याच्या खोलीसाठी होडीचा वाटा विकला. आणि मग एका रात्री त्यानं मला विचारलं, दादा, पोरगा आता खेळतोय, खातोय, बरा दिसतोय, बाकीचे उपचार नाही केले तर चालणार नाही का? पोरावर जीव नाही म्हणून नव्हे रे, सगळं घर मोडत चाललं होतं म्हणून. आम्ही वाडीतल्यांनी आणि मुंबईतल्या गाववाल्यांच्या मंडळानं मिळून खोलीचं भाडं उचललं आणि तो प्रश्न परत निघाला नाही. पोरगा आता गोळ्यांवर आहे आणि शाळेत जातो.

टाटा हॉस्पिटलला मुलांच्या विभागात इम्पॅक्ट फाउंडेशन आहे, 2010 पासून. ते हेच करतात, राहायचं बघतात, खायचं बघतात, आईबापाशी बोलत राहतात, कोणी तारखेला आलं नाही की फोन करून शोधून काढतात, आणि त्यानंतर तिथं उपचार सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण खूप कमी झालं. म्हणजे औषधाच्या शेजारी खोली, जेवण आणि गाडीभाडं ठेवलं की पोरं वाचतात. मला तरी यापेक्षा सरळ हिशोब दुसरा माहीत नाही.

आता तुझा प्रश्न, सायकल कशाला. गेल्या वर्षी आम्ही गुहागर ते रत्नागिरी छोटी राइड काढली ना, तेव्हा तवसाळच्या धक्क्यावर जयगडची फेरीबोट यायची होती. सायकली टेकवून बसलो होतो, पाठीवर फडकं लावलेलं, त्यावर लिहिलेलं, आजारी मुलांच्या घरच्यांसाठी. एक माणूस बराच वेळ लांबून बघत होता, मग बाजूला येऊन हळूच म्हणाला, हे कोणाला देता? त्याच्या भाचीला थॅलेसेमिया, म्हणजे जन्मापासूनचा रक्ताचा आजार, दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त चढवायला न्यावं लागतं. रक्ताचे पैसे लागत नाहीत म्हणाला, पण दर खेपेला गाडी, आणि आईची काजू फॅक्टरीतली मजुरी बुडते, त्यातून सारखी रजा म्हणून मुकादम कटकट करतो. हे घर आमच्यापासून खाडीच्या पलीकडे, आणि आम्हाला पत्ता नव्हता. असंच आणखी एक घर पालशेतच्या चढावर कळलं, आम्ही पाणी प्यायला थांबलो होतो तिथं. ही माणसं ग्रुपवर नसतात रे. अर्ज लिहीत नाहीत, कोणाकडे तोंड उघडत नाहीत, मुलगी असेल तर लपवतातसुद्धा, उद्या लग्न जमायचं नाही म्हणून. गाडीतून गेलो असतो तर काच वर करून निघून गेलो असतो. सायकलवाला चढावर दमतो, थांबतो, कोणाच्या तरी पडवीत बसतो, आणि मग बोलणं निघतं. क्यूआरनं पैसे येतील, कबूल, पण ते कुठल्या दारात द्यायचे हे असं थांबत गेल्याशिवाय कळत नाही.

म्हणून यंदा रूट मोठा घेतलाय. बागमांडल्याहून फेरीबोटीनं खाडी ओलांडून वेशवीला उतरायचं आणि तिथून सुरुवात. केळशी, आडे, आंजर्ले, हर्णै. मग कोळथरे करून दाभोळ, तिथून बोटीनं धोपावे आणि गुहागर, त्या रात्री सगळे आमच्याकडे. पुढे पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, परत बोट, जयगड, मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे आणि रत्नागिरीत भाट्याला शेवट. दिवस जानेवारीच्या मधल्या आठवड्यातले घेतलेत, 26 जानेवारीची सुट्टी मुद्दाम टाळली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या गाड्यांची धक्क्यावर एवढी रांग असते की कोणाशी बोलायला निवांतपणा मिळत नाही.

पैशाचं तू विचारशीलच. आमच्या कोणाच्या खात्यावर एक रुपया घ्यायचा नाही, सगळं नोंदणी असलेल्या ट्रस्टच्या खात्यात, पावती लगेच. डबा फिरवणार आहोत पण सील करून, आणि फोडायचा तो ग्रामपंचायतीत चार माणसांसमोर. कोणाला कराची सवलत हवी असेल तर 2000 रुपयांवरची रक्कम रोख द्यायची नाही, ती सवलतीत धरत नाहीत, हे तुझ्या ऑफिसवाल्यांना आधीच सांगून ठेव. राइडचा खर्च, जेवण, मुक्काम, बोटीचं तिकीट, ज्याचा त्यानं करायचा. मंडळवाले किलोमीटरमागे ठरावीक रक्कम देणार आहेत, बचत गटाच्या बायका भाकरी आणि कुळथाची पिठी करणार आहेत, त्याचे पैसे त्या घेणार नाहीत म्हणतात, पण मी म्हटलं तांदूळ तरी आमचा घ्या.

आणि द्यायचे कशाला, तर खोलीभाडं, गाडीभाडं, बुडालेली मजुरी, भावंडांची शाळा. भावंडांचं मी हट्टानं घालायला लावलंय, कारण घरात एक मूल आजारी पडलं की दुसऱ्याकडे बघायला कोणाला उसंतच राहत नाही. रेल्वेची सवलत आहे, कॅन्सरच्या पेशंटला उपचाराला जाताना स्लीपर आणि थर्ड एसीला भाडं पडत नाही, सोबतच्या माणसाला 75 टक्के सूट, पण हॉस्पिटलचा दाखला घेऊन खिडकीवर जावं लागतं, आणि मे महिन्यात नायतर गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट मिळतंय कुठे. सगळ्यात महत्त्वाची मला वाटते ती रात्रीची गाडी. केमो चालू असलेल्या मुलाला 100.4 च्या वर ताप गेला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नसते, लगेच हॉस्पिटल गाठायचं असतं. वाडीतून रात्री दोन वाजता गाडी करायची तर बापाच्या हातात रोख नसते आणि तो सकाळच्या एसटीसाठी थांबतो. तर प्रत्येक तालुक्यात एक-दोन ड्रायव्हर ठरवून ठेवायचे, फोन आला की निघायचं, भाडं फंडातून. चिपळूणचे दोघं तयार झालेत.

एका गोष्टीवर आमच्यात जोरदार वाद झाला. एकाचं म्हणणं, बॅनरवर टक्कल पडलेल्या पोराचा फोटो टाकू, लोक जास्त देतील. देतीलही. पण त्या पोराला उद्या ह्याच गावात मोठं व्हायचंय, त्याच्याच वर्गात बसायचंय. मी म्हटलं फोटो असेल तर मी नाही. स्टेजवर बोलावून पाकीट द्यायचं नाही, शाल नाही, नारळ नाही. आता सगळ्यांना पटलंय.

तू येशील तर गाडी घेऊनच ये, ताम्हिणी-माणगाव करून, सायकल मागच्या रॅकला लाव. आम्हाला सामानाला आणि कोणी दमलं तर एक गाडी लागणारच आहे, आळीपाळीनं चालवू. पुण्याच्या सपाट रस्त्याच्या हिशोबानं येऊ नको, इथं समुद्राला उतरलं की लगेच परत सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर चढायचं, चढ छोटे पण उभे, तेव्हा हलका गियर बसवून घे आणि ब्रेकपॅड नवे टाक. पहाटे निघू, दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो, आपण दक्षिणेला जाणार त्यामुळे तो पाठीवर मिळेल. ओआरएस आणि कोकम सरबत आम्ही ठेवतोय. चेनला तेल मात्र रोज घालावं लागेल, खाऱ्या हवेनं लगेच गंज धरते.

वहिनींना विचार, त्यांच्या ओळखीत हॉस्पिटलमधलं कोणी समाजसेवक असेल तर आम्हाला एक दिवस भेटायला हवंय, या घरांशी काय बोलावं, काय बोलू नये हे शिकून घ्यायचंय सगळ्यांना. आणि तुझं येणं-न येणं पंधरवड्यात कळव, हर्णैच्या खोल्या सांगायच्या आहेत.

तुझाच,
गुहागरवाला