स्पर्धेचा सेट दुसऱ्या दिवशी कुठे जातो?

संपादक महोदय,

हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी सुरू झाली की आपल्या दैनिकात रोज एका नाटकाचे परीक्षण येते. अभिनय, दिग्दर्शन, प्रकाशयोजना यांच्या जोडीला ‘नेपथ्य आशयाला पूरक’ असेही एक वाक्य त्यात असते. प्रयोग संपल्यावर त्या नेपथ्याचे काय होते, हे मात्र कुठेच वाचायला मिळत नाही. ते वाचकांना कळावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी मिरजेचा. व्यवसायाने सुतार. सांगली-मिरज भागातल्या हौशी संस्थांचे सेट बांधायचे काम बरीच वर्षे करतो आहे. स्पर्धेच्या नाटकाचा प्रयोग बहुतेक वेळा एकच होतो. अंतिम फेरीत गेले तर दुसरा. त्या एका रात्रीसाठी संस्थेची पोरं पदरमोड करून, वर्गणी काढून सेट उभा करतात. पडदा पडतो, फोटो निघतात आणि लगेच रंगमंच मोकळा करायची घाई सुरू होते, कारण सकाळी दुसऱ्या संस्थेचा टेम्पो दारात येणार असतो. मग सेट उतरवत नाहीत, फोडतात. लाकडी पट्ट्यांना, म्हणजे रिपांना, फेव्हिकॉल लावून वर खिळे ठोकलेला प्लाय सुटा होत नाही. पहार घातली की त्याचे पापुद्रे निघतात आणि धड प्लाय राहत नाही, धड रीप राहत नाही.

मागच्या दाराशी जो ढीग पडतो त्यात काय काय असते ते मी सांगू शकतो. थर्माकोलचे कोरीव खांब, सनबोर्डाच्या खिडक्या, विटांची भिंत छापलेला फ्लेक्स, प्लास्टिकचे वेल, स्प्रेचे रिकामे डबे. प्लाय आणि रिपा कोणाच्या तरी चुलीखाली जातात. फ्लेक्स कधी कधी एखाद्या टपरीवर छप्पर होऊन बसतो. थर्माकोलला भंगारवाला हात लावत नाही. त्याला वजन नाही, म्हणून भाव नाही. घंटागाडीत टाकला तर सगळी गाडी त्यानेच भरते, म्हणून गाडीवालाही कुरकुरतो. शेवटी कोणीतरी काडी लावतो आणि काळा धूर शेजारच्या घरांत शिरतो.

यात कायद्याचाही प्रश्न आहे. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून ती देशभर लागू झाली. गणपतीच्या मखरांसाठी आपण हा नियम मान्य केला, घरोघरी पुठ्ठ्याची आणि कापडाची मखरे आली. रंगमंचावरची सजावट या नियमातून सुटते असे मानायला मला तरी काही कारण दिसत नाही. ज्या स्पर्धा सरकार स्वतः भरवते, त्यांच्या रंगमंचावर तर थर्माकोल दिसूच नये.

शिवाय आगीची भीती आहेच. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले, तेव्हा या भागातल्या प्रत्येक रंगकर्मीच्या पोटात तुटले. त्या आगीशी मी नेपथ्याचा संबंध जोडत नाही. पण हजार वॅटचा हॅलोजन तापलेला असताना त्याच्यापासून हातभर अंतरावर थर्माकोलची कमान उभी केलेली मी पाहिली आहे. थर्माकोल नुसता जळत नाही, वितळून थेंब थेंब खाली गळतो, आणि खाली नट उभे असतात.

नाटकात सामाजिक आशय असावा असा आपला आग्रह असतो. माझाही आहे. पण तो आशय संहितेत असतो तसा विंगेतही असला पाहिजे. रात्री दीडला सेट उचलणाऱ्या हमालाला नाईट किती मिळते, त्याला परत जायला वाहन आहे का, हे विचारणारी संस्था क्वचित भेटते. एका नाट्यगृहात झाडलोट करणाऱ्या मावशी मला म्हणाल्या होत्या, “नाटक असलं की दुसऱ्या दिवशी जाड चप्पल घालून यावं लागतंय. खिळं किती असत्यात बघा की!” त्यांनी केरसुणीने गोळा केलेले खिळे मला पत्र्याच्या डब्यात दाखवले. वाकलेले, गंजलेले, काही अर्धे प्लायमध्ये अडकलेले. आदल्या रात्रीचे नाटक कष्टकऱ्यांच्या शोषणावर होते आणि त्याला टाळ्याही भरपूर मिळाल्या होत्या.

पुण्यात २०१२ साली महापालिकेच्या सफाई कामगारांनी महात्मा फुल्यांवरचे ‘सत्यशोधक’ हे गो. पु. देशपांडे यांचे नाटक अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणले. जे रोज शहराचा कचरा उचलतात तेच त्या नाटकात फुले-सावित्रीबाईंचा काळ उभा करत होते. आपल्या रंगभूमीने एवढी मोठी गोष्ट केली आहे. त्याच रंगभूमीने त्याच कामगारांच्या अंगावर आपला रोजचा राडारोडा टाकावा, हे मला पटत नाही.

यावर उपाय नवा शोधायची गरज नाही. संगीत नाटकांच्या कंपन्यांकडे महालाचा एक पडदा, रस्त्याचा एक, जंगलाचा एक असायचा आणि तेच पडदे नाटकामागून नाटकांना चालायचे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत आजही रंगवलेले पडदे वापरतात. सिंधुदुर्गातल्या दशावताराला तर एक बाकडे पुरते. त्यावर राजा बसला की ते सिंहासन, आणि कोणा प्रेक्षकाला कधी शंका येत नाही. मी असे म्हणत नाही की सगळ्यांनी बाकड्यावर नाटक करावे. वास्तववादी दिवाणखाना लागतो तिथे तो लागतोच, आणि तो नीट बांधायला मला आवडतो.

पण तोच दिवाणखाना सुटा होईल असा बांधता येतो. लाकडी चौकटीवर मांजरपाटाचे सुती कापड ताणायचे. अशा चौकटीला आम्ही फ्लॅट म्हणतो. रंग सरसात, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या सुतारी गोंदात, कालवायचा, प्लास्टिक पेंट वापरायचा नाही. सरसाचा रंग कोमट पाण्यात कापड भिजत घातले की सुटतो. दोन-तीन पाण्यांतून काढून सावलीत वाळवले, पुन्हा ताणले, की तीच भिंत पुढच्या नाटकात वाड्याची होते, त्याच्या पुढच्यात चाळीची. कापड धुतल्यावर थोडे आटते, म्हणून पहिल्यांदाच चारी बाजूंनी चार बोटे जास्त सोडावे. दोन फ्लॅट जोडायला खिळ्याऐवजी पिन निघणारी बिजागरी लावावी. पिन ओढली की फ्लॅट वेगळे, हातोडा लागत नाही आणि मावशींच्या पायाला खिळाही लागत नाही. लेव्हल, म्हणजे रंगमंचावर उंची आणणारे चौथरे, चार बाय दोन फुटांच्या केल्या तर आठ बाय चारच्या प्लायच्या बरोबर चार निघतात, तुकडे वाया जात नाहीत. पायांना नटबोल्ट लावले की टेम्पोत एकावर एक रचून जातात. पहिल्या वेळी खर्च थोडा जास्त येतो. दुसऱ्या नाटकाला मात्र फक्त रंगाचा आणि टेम्पोचाच खर्च उरतो.

मग संस्था असे का करत नाहीत? ठेवायला जागा नाही म्हणून. एवढेच खरे कारण आहे. कोणाच्या तरी गच्चीवर पावसात भिजत पडलेले फ्लॅट पुढच्या वर्षी कामाला येत नाहीत. म्हणून माझी पहिली मागणी महापालिका आणि नगरपालिकांकडे आहे. प्रत्येक नाट्यगृहाच्या आवारात एक कोरडी खोली सामाईक नेपथ्य भांडार म्हणून द्या. संस्थांनी ठरलेल्या मापाचे फ्लॅट, लेव्हल, दारे, खिडक्या तिथे जमा करायच्या आणि नाममात्र भाड्याने न्यायच्या. एक नोंदवही आणि किल्ली सांभाळणारा एक माणूस पुरे. त्या माणसाला पगार द्या, स्वयंसेवक नेमू नका.

दुसरी मागणी ही स्पर्धा भरवणाऱ्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडे आहे. नेपथ्याचे पारितोषिक देताना सेट पुन्हा वापरता येण्याजोगा आहे का, हे परीक्षकांनी पाहावे. थर्माकोल आणि फ्लेक्सला स्पर्धेच्या प्रवेशिकेतच स्पष्ट मनाई करावी. सेट नीट उतरवायला रात्री वेळ मिळावा, कारण घाईत कोणताही सेट फुटतोच. यावर काही दिग्दर्शक कलास्वातंत्र्याचा मुद्दा काढतील. रंगमंचाची रुंदी आणि प्रयोगाची वेळ ठरलेली असतानाही ते उत्तम नाटके करतातच, एवढेच त्यांना सांगावेसे वाटते.

दिव्यांबद्दल थोडक्यात. एलईडी आणा असे सगळे म्हणतात आणि ते बरोबर आहे. हॅलोजनची बहुतेक वीज उष्णतेत जाते आणि ती उष्णता घालवायला वातानुकूलन आणखी वीज खाते. पण हा बोजा हौशी संस्थांवर किंवा लाइट भाड्याने देणाऱ्या लहान व्यावसायिकांवर टाकू नये. त्यांची सगळी पुंजी जुन्या स्पॉट आणि डिमरमध्ये अडकलेली आहे. एलईडी दिवे नाट्यगृहाच्या मालकाने, म्हणजे पालिकेने, बसवावेत.

सुट्या फ्लॅटची आणि लेव्हलची मापे, लाकूड किती लागते, सरस किती आणि पाणी किती, हे सगळे मी कागदावर उतरवून ठेवले आहे. कोणत्याही संस्थेला ते विनामूल्य देईन, आणि पोरं जमणार असतील तर रविवारी येऊन एक फ्लॅट बांधून दाखवीन.

आपला,
एक नेपथ्य कारागीर, मिरज