जुनी लुगडी टांगू नका, आडवी मांडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शहरातील एका सभागृहात नुकतेच जुन्या वस्त्रांचे प्रदर्शन पाहिले. लोकांनी आजी-पणजीची लुगडी, शालू, पैठण्या विश्वासाने आणून दिल्या होत्या. त्यातले एक करवतकाठी (काठावर करवतीच्या दात्यांची नक्षी असलेले) टसरचे, म्हणजे रानरेशमाचे, लुगडे लोखंडी हँगरवर टांगलेले, काठात टाचण्या, वर वीतभर अंतरावर हॅलोजनचा दिवा आणि समोर मोठा कूलर. जीव कळवळला, म्हणून हे पत्र.

करवतकाठीचे अंग टसरचे आणि काठ सुताचा. तीन धोटे (आडवा धागा नेणारी साधने) वापरून दोन्ही एकमेकांत अडकवत विणतात. रेशीम आणि सूत ओलावा सारखा घेत नाहीत. आपल्या उन्हाळ्यात बाहेर हवा कोरडीठाक असते आणि कूलर लावला की खोली दमट होते. दिवसा कूलर चालू, रात्री बंद, म्हणजे धागे रोज फुगणार आणि आकसणार. वर नऊवारीचे सगळे वजन हँगरच्या एका कडेवर! जुने रेशीम तिथेच विरते आणि मग त्याला रफूही धरत नाही.

उजेडाने होणारे नुकसान तर भरून येतच नाही. उडालेला रंग उडालाच. संग्रहालये कापडावर साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) उजेड ठेवतात. मोबाइलवरील ॲपनेही त्याचा ढोबळ अंदाज येतो. खिडकीच्या काचेतून येणारे ऊनही टाळायलाच हवे.

उपाय खर्चिक नाहीत. उतरत्या फळीवर खळ काढून धुतलेले मांजरपाट अंथरावे, त्यावर काठ-पदर दिसेल एवढेच लुगडे मांडावे आणि उरलेले लुगडे मांजरपाट गुंडाळलेल्या नळीवर सैलसर गुंडाळावे. टाचणी मुळीच नको. जुनी चोळी पुतळ्यावर ओढून बसवू नये. पुतळा मापाने लहान घेऊन मऊ सुती कापडाने भरावा.

घरीही वर्तमानपत्रात गुंडाळू नये, त्या कागदात आम्ल असते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. पावसाळा सरला की कपडे सावलीत उलगडून घड्या दुसऱ्या जागी घालाव्यात, नाहीतर जरीची तार जुन्याच घडीवर तुटते.

आयोजकांना विनंती, वस्त्र किती दिवस, कशा उजेडात आणि कसे मांडणार हे मालकाला आधी लेखी द्यावे. आपल्याकडे १८६३ पासूनचे मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, आहे. तेथील जाणकारांनी नागरिकांसाठी एखादे प्रात्यक्षिक ठेवले तर माझ्यासारख्या अनेकजणी आपापली लुगडी घेऊन येतील.

– एक निवृत्त गृहविज्ञान शिक्षिका, धरमपेठ, नागपूर