शोभेच्या पामच्या कोंबात काय येतं?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

कोकण किनाऱ्यावर रिसॉर्टसमोर आणि बंगल्यांच्या आवारात परदेशी जातीचे शोभेचे पाम लावण्याची हौस वाढली आहे. हौसेला माझी हरकत नाही. पण ही रोपं येतात कुठून आणि त्यांचा कोंब कुणी उघडून बघतं का, याची मला माडवाला म्हणून काळजी वाटते.

मालदीवमध्ये 1999 च्या सुमारास पर्यटन बेटासाठी आणलेल्या अशाच पामांतून ब्रॉन्टिस्पा लाँगिसिमा हा पानभुंगा शिरला आणि तिथले माड करपू लागले. तो मूळचा इंडोनेशिया आणि पापुआ न्यू गिनीकडच्या बेटांवरचा. त्याच काळात तो व्हिएतनाममध्ये आणि 2002 मध्ये चीनच्या हायनान बेटावर पोचला. स्वतः तो फार लांब उडत नाही, त्याला समुद्रापार नेतो तो रोपांचा व्यापार. आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटापासून मालदीवचं उत्तर टोक दीडशे किलोमीटरही नाही.

गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा आपण ओळखतो. गेंड्याने कोंब पोखरला की पान उलगडल्यावर कात्रीने कापल्यासारखं दिसतं. हा पानभुंगा तसा नाही. जेमतेम एक सेंटिमीटर लांब, चपटा, सुईच्या, म्हणजे कोंबातल्या न उलगडलेल्या पानाच्या, घड्यांत दडलेला. अळ्या आणि भुंगे दोन्ही आतला हिरवा भाग खरवडून खातात. पात्यावर शिरेला समांतर तपकिरी रेघा पडतात, त्या एकमेकींत मिसळतात आणि पान बाहेर येतं ते वाळलेलंच. लहान झाडाला हा मार सोसत नाही. घडीच्या आत फवारा नीट पोचतही नाही. व्हिएतनाम आणि मालदीवने शेवटी, 2003-04 मध्ये, सामोआतली असेकोडिस ही मिलिमीटरभरही नसलेली गांधीलमाशी आणून सोडली. ती या अळीच्या अंगात अंडी घालते. उपाय लागू पडला, पण तोवर बागांचं व्हायचं ते नुकसान झालं होतं.

2016 मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीकडे दिसलेली चक्राकार पांढरी माशी आज आपल्या झावळ्यांवर काळी काजळी धरते आहे. आणखी एक पाहुणा आपल्याला परवडणार नाही.

रोपांच्या आयातीवर विलगीकरणाचा आदेश 2003 पासून आहे. तो रोपवाटिकेच्या फाटकापर्यंत पोचायला हवा. परदेशी पाम विकणाऱ्याने तो कुठून, कधी आला याचा कागद ग्राहकाला द्यावा. कृषी खात्याने पावसाळ्यापूर्वी अशा पामांचे कोंब तपासावेत, आणि रेघा दिसल्यास भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राला लगेच कळवण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी करावी.

आपला,
एक माडबागायतदार, वेंगुर्ले