सुभ्यास, बऱ्याच दिवसांनी

अमळनेर

प्रिय सुभ्या,

कसा शे भो? दोन वर्षांत एक ओळ लिहिली नाही, रागावला असशील. माझा गुडघा दुखतो, बाकी ठीक.

माझ्या भावाला, आबाला लिव्हरचा कॅन्सर निघाला. 2004 चं गणपतीतलं रक्तदान आठवतं? नंतर आबाच्या नावाने रक्तपेढीची चिठ्ठी आली होती, हेपॅटायटिस बी, लिव्हरला सुजवणारा विषाणू. तू म्हणालास, जळगावला दाखवा. मी तुझ्यावर ओरडलो, धडधाकट माणसाला रोगी ठरवतोस म्हणून. चार महिने अबोला धरला. तुझं बरोबर होतं रे.

गावात कुजबुज, 'पीत असेल.' आबा! तुझ्या हळदीला आपण दोघं झिंगलो, तेव्हा मायपासून लपवणारा तोच, स्वतः थेंबाला न शिवणारा.

डॉक्टरांनी नीट समजावलं. नुसता विषाणू लिव्हर खात नाही. त्याला मारायला आपलीच प्रतिकारशक्ती लिव्हरच्या पेशींवर तुटून पडते. सूज येते, पेशी मरतात, नव्या होतात, पुन्हा मरतात. जुवाने बैलाचा खांदा सोलवटतो, भरतो, परत सोलवटतो, तसं वर्षानुवर्षं. एवढ्या नव्या पेशी होताना कुठेतरी जनुकात चूक होते. शिवाय हा विषाणू स्वतःचे तुकडे आपल्या जनुकांत घुसवतो, म्हणून सिरॉसिस, म्हणजे लिव्हर वण पडून कडक होणं, नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. आबाला सिरॉसिस नाही. दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी केली असती, तर गाठ लहान असताना दिसली असती. 2018 पासून तर सरकारी दवाखान्यात याची तपासणी, औषध फुकट आहे. आणि ती चिठ्ठी माझ्या ट्रंकेत.

पण झोप उडवलीय मायने. तिच्यातही हेपॅटायटिस बी सापडला. जन्माच्या वेळी लागण झाली तर दहातल्या नऊ मुलांत तो मुक्काम ठोकतो, हे तिने ऐकलं. मी निगेटिव्ह, आबा पॉझिटिव्ह. तेव्हापासून तिने ताट वेगळं केलं, नातवाला जवळ घेत नाही. एकत्र जेवल्याने, कवटाळल्याने हा पसरत नाही, पोराला जन्मल्यावर 24 तासांच्या आत लस दिलीय, सगळं सांगून झालं. 'मीच दिला ना आबाला,' एवढंच म्हणते. तिला काय माहीत होतं रे तेव्हा? तिचं तू ऐकतोस तसं ती तुझं ऐकते. फोन कर तिला.

वहिनींचं दुकान लागलं ना मार्गी? पिंकीला बारावीसाठी आशीर्वाद.

सोमवारी आबाला मुंबईला नेतोय, कल्याणला गाडी थांबते. स्टेशनवर ये. चिठ्ठीचा विषय तू काढू नकोस. तो मी काढेन, तुम्हा दोघांसमोर.

तुझा,
बापू