मलकापूरचं तिकीट

कराड, रविवार

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या एकांकिकेत तुला काम मिळाल्याचं मला आईकडून कळलं. तेही चांगलं बोलायचं काम, भाला धरून मागे उभं राहायचं नव्हे. मला का सांगितलं नाहीस, ते ठाऊक आहे. गणपतीत आरती तू खणखणीत म्हणायचास आणि लगेच पाहुण्यांनी नाव विचारलं की 'ओ'वरच गाडी अडायची. मी सगळ्यांदेखत म्हणायचो, "आरतीला बरं येतं? नाटकं करू नकोस."

गेले पंधरा दिवस एका अमेरिकन नटाबद्दल मिळेल ते वाचतोय. जेम्स अर्ल जोन्स. २०१९ मध्ये आपण 'द लायन किंग' हिंदीत पाहिला, त्यात मुफासाला शाहरुखचा आवाज होता. इंग्रजीत तो आवाज याच माणसाचा, १९९४च्या पहिल्या चित्रपटातही आणि या दुसऱ्यातही. 'स्टार वॉर्स'मधल्या काळ्या मुखवट्याच्या डार्थ व्हेडरचा आवाजही त्याचाच. पोशाख घालून उभा राहिला डेव्हिड प्राउज नावाचा ब्रिटिश वेटलिफ्टर, बोलला जोन्स. १९७७च्या त्या चित्रपटाचे त्याला सात हजार डॉलर मिळाले. श्रेयनामावलीत नावसुद्धा नको म्हणाला. आपण नुसते स्पेशल इफेक्ट आहोत, असं त्याचं म्हणणं.

आणि हा माणूस लहानपणी आठेक वर्षं जवळजवळ मुका होता.

जन्म १९३१चा, मिसिसिपी राज्यातला. बाप आधीच घर सोडून गेलेला. पोर पाच वर्षांचं असताना आजी-आजोबा त्याला घेऊन उत्तरेला मिशिगनमध्ये शेतावर राहायला गेले आणि तिथे त्याची जीभ अडायला लागली. वर्गात हसं होऊ नये म्हणून त्याने बोलणंच टाकलं. गोठ्यातल्या जनावरांशी मात्र बोलायचा. ती वाक्य संपायची वाट बघत असावीत. (हा टोमणा मलाच आहे.)

हायस्कूलला डोनाल्ड क्राउच नावाचे मास्तर होते. मुलगा चोरून कविता लिहितो, हे त्यांना कळलं. त्याने ग्रेपफ्रूटवर, म्हणजे आपल्या पपनसाच्या कुळातल्या फळावर, लाँगफेलो या अमेरिकन कवीच्या एका काव्याच्या चालीत कविता केली होती. मास्तर म्हणाले, इतकी चांगली कविता तुझीच कशावरून? तुझी असेल तर सगळ्यांसमोर पाठ म्हणून दाखव. पोरगा उभा राहिला आणि न अडखळता म्हणून गेला. तालात, पाठ असलेलं, चारचौघांच्या सुरात म्हणताना तोतरं बोलणाऱ्या पुष्कळांची जीभ मोकळी होते म्हणे. आरतीचं कोडं मला पन्नाशीत उलगडलं. म्हणजे नाटकं तू करत नव्हतास.

पुढचं सरळ झालं असं समजू नकोस. डॉक्टरकीच्या वाटेने गेला, ती सोडून नाटक शिकला, मग सैन्यात होता, मग न्यूयॉर्कमध्ये झाडू-फरशीचं काम करत रंगभूमीवर टिकला. १९६८ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, 'द ग्रेट व्हाइट होप' नाटकात कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा उभा केला, त्याला टोनी हा तिथला नाटकाचा मोठा पुरस्कार मिळाला. दुसरा टोनी १९८७ मध्ये ऑगस्ट विल्सनच्या 'फेन्सेस' नाटकासाठी. त्यात तो पिट्सबर्गचा कचरा उचलणारा बाप आहे. स्वतःचं बेसबॉल हुकलं म्हणून पोराला फुटबॉल खेळू देत नाही. पोरगा विचारतो, मी तुम्हाला कधी आवडलोच नाही का? त्यावर बाप खाऊपिऊ घातल्याचा हिशेब सांगतो. हा प्रवेश वाचून मी उठून अंगणात गेलो. आईने विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही.

मला सगळ्यात पटलं ते वेगळंच. आपण बरे झालो असं तो कधी म्हणाला नाही. म्हातारपणीही म्हणायचा की तोतरेपणा आहेच, मी त्याला सांभाळून घेतो. भूमिकेतले शब्द ठरलेले. अडायचं ते स्वतःचं बोलताना. तेव्हा पुढचा शब्द आधीच जोखून बोलायचं. २०२२ मध्ये ब्रॉडवेवरच्या एका जुन्या थिएटरला त्याचं नाव दिलं, २०२४ मध्ये त्र्याण्णव वर्षांचा होऊन गेला. तोवर हे चालूच.

शब्द जोखणं म्हटल्यावर मला तुझं ते तिकीट आठवलं. सातवीत होतास. मामाकडून इस्लामपूरहून पहिल्यांदा एकटा आलास, घामाघूम, चालत. खिशात तिकीट कराडच्या अलीकडच्या मलकापूरचं. मी ओरडलो, कराडच्या पोराला कराड कळत नाही? तू काही बोलला नाहीस. 'क' तुला अडतो, 'म' येतो, हे मला माहीत असायला हवं होतं. त्याआधी प्रत्येक वेळी तुझं तोंड उघडायच्या आत मीच मागून "दोन कराड" म्हणून मोकळा व्हायचो ना!

आता काम. प्रयोग कधी आहे, ते मला आईकडून नको. फोन कर आणि तारीख तूच सांग. तारीख येईपर्यंत मी फोन कानाला धरून बसतो.

तुझा,
बाबा