नऊ कप

वॉन्टेजजवळ, ऑक्सफर्डशायर
9 ऑक्टोबर

प्रिय आई आणि पप्पा,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

आई, मागे एकदा फोनवर तू विचारलंस, "रविवारी भक्तीला किती जण होते गं?" मी "नऊ" म्हणाले आणि तू गप्पच झालीस. मग म्हणालीस, "थंडी वाढली असेल ना तिकडे," आणि दादाच्या कांद्याच्या भावावर बोलायला लागलीस. तुझं गप्प होणं मला कळलं. आपल्या मंडळीत नऊ माणसं तर पेटी-तबल्याभोवतीच बसलेली असतात. पोरीने पाळकाचं शिक्षण घेतलं, एवढ्या लांब गेली, ती नऊ म्हाताऱ्यांना उपदेश करायला का, असं तुझ्या मनात आलं असणार. खरं सांगते, पहिल्या हिवाळ्यात हाच प्रश्न माझ्याही मनात रोज रात्री यायचा. फोनवर त्याचं उत्तर नीट देता आलं नसतं, म्हणून पत्र लिहिते आहे. पप्पा, तुम्ही मोठ्याने वाचा, म्हणजे आईला चष्मा शोधावा लागणार नाही.

माझ्याकडे पाच गावं आहेत आणि पाच चर्च. त्यातलं हे सर्वांत लहान. भिंती हातभर जाडीच्या, बाकांवर बसलं की थंडी खालून वर चढते. दर रविवारी पाचही ठिकाणी उपासना होत नाही, पाळीपाळीने होते. मी आले तेव्हा माझ्याकडे योजनांची एक वही होती. तरुणांसाठी काय करायचं, गावात पत्रकं कधी वाटायची, उपासनेचा वेळ कुठे वाचवायचा. त्या वहीत पहिल्याच पानावर एक ओळ होती: चहासाठी कागदी कप आणणे.

इथे उपासना संपली की चहा असतो. चर्चच्या मागच्या कोपऱ्यात एक टेबल, एक किटली, चिनी मातीचे जुने कप. चहा पिऊन झाला की एक आजोबा बाह्या वर करून ते सगळे कप धुतात, पुसतात, कपाटात लावतात. पाऊण तास जातो. मला वाटायचं, एवढ्या वेळात बायबलचा एक छोटा अभ्यास होईल. म्हणून मी बैठकीत कागदी कपांचं सुचवलं. कुणी विरोध केला नाही, कुणी हो म्हटलं नाही. सगळे आपापल्या हातांकडे बघत राहिले.

त्या रविवारी मी पुसायला उभी राहिले. आजोबांनी तीन-चार कप माझ्या हातात दिले, मग पाण्यातून नजर न काढता म्हणाले, "घरी एकच कप असतो धुवायला. इथे नऊ असतात."

त्यांची बायको जाऊन चार वर्षं झाली आहेत. मी इथे येऊन सात महिने झाले होते आणि मला हे ठाऊक नव्हतं. आई, मला फार लाज वाटली. मी घरी येऊन ती ओळ वहीतून खोडली आणि देवापुढे बसले. मला वाटत होतं, मी प्रभूला या गावात घेऊन आले आहे. तो तर इथे कधीचाच होता, त्या कोमट साबणाच्या पाण्यापाशी. त्या दिवसापासून मी कप पुसते. लोक मला मनातलं सांगतात ते तिथेच. उपदेशानंतर दारात उभी राहून हात मिळवते तेव्हा सगळे "छान झालं" म्हणतात. ओला कप हातात असला की म्हणतात, "मुलगा दोन वर्षं बोललेला नाही."

आता जुलैमधली गोष्ट. इथून जवळ अफिंग्टनला टेकडीच्या उतारावर एक पांढरा घोडा आहे. काढलेलं चित्रच, पण शंभर मीटरहून लांब. जमिनीत चर खणून त्यात खडूचा पांढरा दगड ठोकून भरलेला. सुमारे 3000 वर्षांपूर्वीचा आहे, म्हणजे दावीद राजाच्या आसपासचा धरा. कुणी काढला, कशासाठी काढला, कुणाला सांगता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानांना खूण मिळू नये म्हणून तो झाकून टाकला होता, युद्ध संपल्यावर पुन्हा उघडला. पण मला थक्क करणारी गोष्ट वेगळीच आहे. थोडी वर्षं जरी कुणी लक्ष दिलं नाही तरी कडेचं गवत आत सरकतं आणि घोडा दिसेनासा होतो. म्हणजे इतकी शतकं, राजे बदलले, भाषा बदलली, देवधर्म बदलला, तरी दर पिढीत कुणीतरी डोंगर चढून तो साफ करत आलं आहे.

हल्ली नॅशनल ट्रस्ट ही जुन्या जागा जपणारी संस्था हे काम उन्हाळ्यात गावकऱ्यांना हाताशी धरून करते. आमच्यातले चौघे निघाले होते, मीही गेले. गुडघ्यांवर बसायचं, तण उपटायचं, बादलीतला खडूचा चुरा पसरायचा आणि हातोडीने ठोकत राहायचं. दोन तासांत माझ्याकडून आपल्या दारातल्या ओट्याएवढी जागा झाली असेल. तिथे बसलेल्याला घोडा दिसतच नाही. समोर नुसता पांढरा पट्टा आणि शेजारच्या माणसाची पाठ.

आणि पप्पा, ठोकता ठोकता मला आजी आठवली. तिची ती शनिवारची सारवणं. रविवारच्या भक्तीआधी ओटा, पडवी, सगळं शेणाने सारवून घ्यायची. मी सहा-सात वर्षांची असेन, तिला म्हणाले होते, "आजी, मागच्या शनिवारीच तर सारवलंस!" ती म्हणाली, "म्हणून तर आज सारवायचं." मी तिथे डोंगरावर, गुडघे दुखत असताना, रडले. शेजारच्या बाईंनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

रानात देव इस्राएल लोकांना आकाशातून अन्न द्यायचा, त्या मान्नाची गोष्ट तुम्हीच मला संडे स्कूलमध्ये शिकवली होती. रोजचा रोज गोळा करायचा. उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडायचे. लहानपणी मला ती देवाची कडक शिस्त वाटायची. आता वाटतं, देवाला आपल्याशी रोज भेट हवी होती. एकदाच वर्षभराचं धान्य भरून दिलं असतं तर कोण सकाळी उठून तंबूच्या बाहेर आलं असतं?

बुरुजातल्या घड्याळाला दर शनिवारी चावी देणारा एक माणूस आहे. उपासनेला येत नाही. देव आहे की नाही हे मला माहीत नाही, असं त्याने मला पहिल्याच भेटीत सांगितलं. त्याचे वडील चावी द्यायचे, आता तो देतो. गेल्या वर्षी आमच्यातल्या एक आजी अंथरुणाला खिळल्या होत्या. मी आठवड्यातून एकदा प्रार्थनेला जायचे, आणि एकदा तर नाताळच्या गडबडीत दोन आठवडे गेलेच नाही. हा माणूस रोज त्यांच्या घरचा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा, कुत्र्याला फिरवून आणायचा, दूध आत नेऊन द्यायचा. दफनाच्या वेळी तो फाटकाबाहेर उभा होता. मी जाऊन त्याला आत आणलं, पहिल्या बाकावर बसवलं. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट मी किती वेळा सांगितली आहे, पण त्यातला जखमी माणसाला टाळून पुढे जाणारा याजक मीच आहे हे त्या दिवशी कळलं. हे दुसऱ्या कुणाला लिहिलं नसतं. तुम्हाला लिहिते, कारण माझ्यासाठी तुम्ही प्रार्थना करता ती याचीही असावी.

आता आनंदाची बातमी. गेल्या रविवारी कापणीचा सण झाला. इथे या सणाला लोक बंद डबे आणतात, घेवडा, सूप, टोमॅटो, आणि ते सगळं गरजूंच्या अन्नपेढीला जातं. चांगलंच आहे ते. पण मला आपला लिलाव आठवत होता. बाजरीची कणसं, ऊस, भोपळे, कोंबड्या, आणि पप्पा, तुम्ही टेबलावर उभे राहून हाक देणार. तुम्ही एक केरसुणी तीनदा विकत घेतली होती आणि तिन्ही वेळा परत टेबलावर ठेवली होती. आई तेव्हा रागावली होती, पैसे दिले ते दिले, निदान केरसुणी तरी घरी आणायची.

चर्चची व्यवस्था बघणाऱ्या वॉर्डनबाईंना मी विचारलं, यंदा लिलाव करू या का? त्या जरा बिचकल्या. पैशाचं इतकं उघड बोलणं इथे बरं दिसत नाही. पण तयार झाल्या. त्या दिवशी पंचवीस-तीस माणसं होती, सणाला येतात. पहिल्या वस्तूला कुणी हातच वर करेना. दुसऱ्याने बोली लावली की पहिला माणूस "तुम्हीच घ्या" म्हणून बसून जायचा. मग एका लहान मुलीने घरच्या कोंबडीचं एक अंडं आणलं होतं ते मी उचललं. एका शेतकऱ्याने ते दोन पौंडांना घेतलं आणि खिशात घालायला निघाला. मी म्हटलं, "आमच्या गावात हे अंडं तुम्ही परत देता. ते पुन्हा विकायचं असतं." तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच अंडं टेबलावर ठेवलं. पुढच्याने पाच पौंडांना घेतलं, परत ठेवलं. त्यानंतर काय झालं मला सांगताच येत नाही, सगळं चर्च हसत होतं, हाका मारत होतं, ज्यांना मी दोन वर्षांत मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं ते उभे राहून बोली लावत होते. एका अंड्याचे 96 पौंड झाले. शेवटी ते अंडं घड्याळवाल्या माणसाने घेतलं. हो, तो आला होता, सर्वांत मागच्या बाकावर बसला होता. त्याने ते त्या मुलीलाच परत दिलं. सगळे पैसे अन्नपेढीला गेले.

आपल्या विधवा शांताक्कासारख्या बायका एकच अंडं घेऊन यायच्या आणि त्या एका अंड्याला पाटलाच्या पोत्याएवढी किंमत यायची. त्यात काय होतं ते मला तिकडे असताना दिसलं नव्हतं. इथे मला शब्दांत समजावून सांगावं लागलं तेव्हा दिसलं.

सणाच्या आधीच्या सोमवारी, 29 सप्टेंबरला, मी वॉन्टेजच्या मोठ्या चर्चमध्ये जाऊन बसले होते. 1883 साली याच तारखेला पंडिता रमाबाईंचा तिथे बाप्तिस्मा झाला. पंचवीस वर्षांची बाई, पती वारलेला, सोबत अडीच वर्षांची मनोरमा. इथल्या सेंट मेरीच्या भगिनींकडे, म्हणजे नन्सकडे, त्या राहिल्या होत्या, त्याच भगिनी ज्या पुण्यात पंचहौदालाही काम करायच्या. इथल्या थंडीतही रमाबाई शाकाहारीच राहिल्या, आणि भगिनींनी सांगितलं म्हणून कुठलीही शिकवण त्यांनी मुकाट्याने मान्य केली नाही. प्रश्न विचारत राहिल्या, पत्रांतून वाद घालत राहिल्या. मला त्यांचं हे फार जवळचं वाटतं. शंका घेऊनही त्या प्रभूला धरून राहिल्या.

आजी केडगावला रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, तिथे रमाबाईंच्या वेळच्या म्हाताऱ्या बायका तिने पाहिल्या होत्या. रमाबाईंनी सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं आणि मुक्तीतल्या बायकांनीच छापखान्यात त्याचे अक्षरांचे खिळे जुळवले, हे ती किती अभिमानाने सांगायची! उपाशी मरणाऱ्या मुली दुष्काळातून उचलून आणलेल्या, त्यांनी एकेक अक्षर, एकेक काना-मात्रा उलटी वाचून जुळवायची. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत. बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ बसून मी त्या बायकांसाठी देवाचे आभार मानले. रमाबाईंचं नाव सगळ्यांना माहीत आहे. खिळे जुळवणाऱ्यांची नावं देवाला माहीत आहेत.

आई, आता तुला नऊ जण दिसतात का? एक जण गाण्यांचे आकडे फळीवर लावतात. एक पितळी गरुड घासतात, ज्याच्या पंखांवर बायबल ठेवतात. हात थरथरतात त्यांचे, तरी दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. दोघी बहिणी फुलं ठेवतात, हिवाळ्यात फुलं नसली की आयव्हीची पानं. त्यांच्या आधी कुणीतरी हेच करत होतं, आठशे वर्षं तरी. मी त्यांची पाळक आहे, पण त्यांच्याकडे बघून मी प्रार्थना करायला शिकते आहे.

दादाला सांग, कांद्याला भाव मिळेपर्यंत घाई करू नको. वहिनीची तब्येत कळव. आणि पप्पा, एक काम आहे. लिलावाची तुमची ती हाक, "एक वार, दोन वार," घसा मोकळा करून फोनवर रेकॉर्ड करा आणि पाठवा. मला तशी जमली नाही. पुढच्या वर्षी त्यांना खरी ऐकवायची आहे.

आमच्या आजोबांचं परवा मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे, त्यामुळे या रविवारी ते येणार नाहीत. कप मी धुणार आहे. मला धरून नऊच होतील. त्यातला एक मी संध्याकाळी किटलीभर चहाबरोबर त्यांच्या घरी घेऊन जाणार आहे.

तुमची,
बेबी